भीमाकांठचे पाहुणे

पुण्याहून ईशान्येस जाणारा नगरचा रस्ता सुमारें तीस किलोमीटरांवर भीमा नदी ओलांडतो. नदीच्या अलीकडच्या तीरावर पेरणें आणि पलीकडच्या तीरावर कोरेगांव. पुलावरून धांवणाऱ्या बहुतेक मोटारी या नदीला एखाद्या मिनिटापेक्षां अधिक वेळ देत नाहींत. तरी याच पुलाजवळ १८१८ सालच्या लढाईचा स्तंभ उभा आहे. आणि येथून थोड्याच अंतरावर, नदीच्या वरच्या अंगाला, तुळापूरचा संगम व वढू बुद्रुक येथील छत्रपति संभाजी महाराजांची समाधि आहे. रस्त्यानें तसेंच पुढें गेलें कीं रांजणगांवचा महागणपति लागतो आणि मग घोडनदीच्या कांठीं शिरूर. रस्ता सोडून उत्तरेस वळलें तर पाबळ, मोराची चिंचोली आणि कुकडी नदींतील रांजणखळगे. भीमेच्या प्रवाहाबरोबर आग्नेयेस गेलें तर दौंड तालुका, पैलतीरावरचें सिद्धटेक आणि त्याहून पुढें उजनी धरणाच्या फुगवट्यावर उतरणारे दूरदेशींचे पक्षी.

शिरूर व दौंड हे दोन्ही तालुके समुद्रापासून दूर आणि पर्जन्यछायेंत आहेत. महाबळेश्वराची हवा किंवा कोंकणचा किनारा यांच्यासारखें माणसाला आपोआप ओढून आणणारें कांहीं येथें नाहीं. म्हणून येथें पाहुणा यावा, थांबावा आणि त्याच्या येण्यानें गांवाचें बरें व्हावें, असें वाटत असेल तर विचारपूर्वक योजना करावी लागते. ‘पर्यटनविकास’ हा शब्द आतां सरकारी कागदांत चांगला रुळला आहे. गांवांत मात्र लोक यात्रा, जत्रा, सहल आणि पाहुणे हेच शब्द वापरतात. या जुन्या शब्दांत योजनेचा बराच विचार साठवलेला आहे. यात्रेला तिथि असते, सहलीला सुटीचा दिवस असतो आणि पाहुण्याला यजमान असतो. तिथि, वार आणि यजमान या तिन्हींचा हिशेब ज्या आराखड्यांत नाहीं, तो कागदावर कितीहि सुबक दिसला तरी गांवांत चालत नाहीं.

आराखडा म्हटला कीं प्रथम नकाशा पसरण्याची चाल आहे. भीमाकांठच्या आराखड्याचें पहिलें पान पंचांगाचें असावें, असें म्हणण्यास सबळ कारण आहे. १ जानेवारीला पेरणें येथील स्तंभाला अभिवादन करण्यासाठीं लाखों लोक येतात. फाल्गुन अमावास्येला वढू व तुळापूर येथें संभाजी महाराजांच्या स्मरणार्थ लोक जमतात. रांजणगांवीं चतुर्थीला रांगा लागतात, आणि भाद्रपदांत व माघांत गर्दी विशेष असते. मोर पिसारा फुलवून नाचतात ते पावसाळ्यांत. तेव्हां चिंचोलीला जाण्याचे दिवस ते. उजनीवरचे पक्षी पहावयाचे तर नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे एका ठिकाणीं एका दिवसांत एखाद्या शहराएवढी वस्ती उतरते, आणि त्याच ठिकाणीं इतर दिवशीं पांचपन्नास माणसें येतात. वर्षाची एकूण संख्या काढून तिला तीनशें पासष्टांनीं भागलें तर जो आंकडा हातीं येतो, तो कोणत्याच दिवशीं खरा नसतो. त्या आंकड्यावर बांधलेली सोय गर्दीच्या दिवशीं अपुरी पडते आणि इतर दिवशीं ओसाड पडते.

पेरण्याच्या स्तंभाचें उदाहरण या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. कॅप्टन स्टॉन्टन याच्या हाताखालची सुमारें आठशें जणांची तुकडी ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं शिरूरहून पुण्याकडे निघाली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोरेगांवापाशीं तिची गांठ दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या कितीतरी मोठ्या सैन्याशीं पडली. दिवसभर गांवाच्या घरांतून व गल्ल्यांतून झुंज चालली. नदी जवळ असूनहि कंपनीच्या शिपायांना पाणी मिळणें कठीण झालें. रात्रीं पेशव्यांच्या सैन्यानें आपला मोर्चा काढून घेतला आणि स्टॉन्टनची तुकडी शिरूरला परतली. कंपनी सरकारनें या झुंजीचें स्मारक म्हणून स्तंभ उभारला आणि त्यावर इंग्रजी व मराठी लेख कोरून पडलेल्या शिपायांचीं नांवें लिहिलीं. त्यांत महार शिपायांचीं नांवें बरींच आहेत. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथें आले आणि या दगडाला नवा अर्थ आला. परकी सत्तेनें स्वतःच्या गौरवासाठीं उभारलेला स्तंभ, अस्पृश्यतेखालीं दडपलेल्या समाजाला आपल्या पूर्वजांच्या शौर्याची आणि स्वाभिमानाची साक्ष वाटूं लागला. लढाईचा जय कोणाच्या पदरांत घालावा याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु खेड्यापाड्यांतून मुलाबाळांसह येथें येणाऱ्या माणसाची भावना त्या मतभेदावर अवलंबून नाहीं.

या स्थळाला एक जखमहि आहे. २०१७ सालच्या डिसेंबरअखेरीस वढू बुद्रुक येथें एका माहितीफलकावरून वाद उद्भवला, आणि १ जानेवारी २०१८ रोजीं कोरेगांव व आसपासच्या भागांत दंगल झाली. एका तरुणाचा जीव गेला; घरें, दुकानें व वाहनें यांची हानि झाली. शासनाला चौकशी आयोग नेमावा लागला. त्या दिवसापासून १ जानेवारीची व्यवस्था हा जिल्ह्याच्या कारभारांतील एक मोठा विषय होऊन बसला आहे. त्या दिवशीं नगर रस्त्यावरची एरव्हींची वाहतूक शिक्रापूर, चाकण अशा दूरच्या मार्गांनीं वळवली जाते. येणाऱ्यांच्या गाड्या अलीकडे-पलीकडे ठराविक तळांवर थांबवितात आणि तेथून शहर-वाहतुकीच्या बसगाड्या लोकांना स्तंभापाशीं पोंचवितात. पाण्याचे टँकर, तात्पुरतीं शौचालयें, औषधोपचाराचीं ठाणीं, तान्ह्या मुलांच्या आयांसाठीं आडोसा, अशी सगळी सिद्धता केली जाते. पर्यटनाच्या योजनेंत जें जें लागतें तें तें बहुतेक सर्व येथें एका दिवसापुरतें उभें राहतें आणि मग उचललें जातें.

यांतून दोन धडे मिळतात. पहिला असा कीं, शिखराच्या दिवसाची सोय तात्पुरती असावी आणि साध्या रविवारची सोय कायमची असावी. लाखों माणसांसाठीं बांधलेला पक्का वाहनतळ उरलेलें वर्षभर उन्हांत तापत पडेल आणि त्यासाठीं गांवाची पिकती जमीन कायमची जाईल. त्यापेक्षां मोकळें रान त्या दिवसापुरतें भाड्यानें घेणें शहाणपणाचें. परंतु जानेवारींत शेतांत ज्वारी, गहूं आणि कांदा उभा असतो. तेव्हां कोणतें रान घ्यावयाचें याचा करार रब्बीच्या पेरणीपूर्वीं, म्हणजे दसऱ्याच्या सुमारासच झाला पाहिजे, आणि भाडें शेतकऱ्याच्या हातीं वेळेवर पडलें पाहिजे. उलटपक्षीं, पिण्याचें पाणी, स्वच्छ शौचालय, सावली आणि नगर रस्ता निर्भयपणें ओलांडण्याची वाट या गोष्टी रोजच्या आहेत. रांजणगांव व सणसवाडी येथील कारखान्यांची अवजड वाहनें याच रस्त्यानें धांवतात. जुलै महिन्यांतल्या एखाद्या मंगळवारीं म्हातारी आई व दोन मुलें यांना घेऊन आलेल्या माणसाला स्तंभापर्यंत सुखानें जातां येतें कीं नाहीं, ही आराखड्याची खरी कसोटी होय.

दुसरा धडा माहितीफलकाचा आहे. योजनेच्या अंदाजपत्रकांत फलकाला सर्वांत थोडे पैसे असतात आणि सर्वांत थोडा विचार मिळतो. भीमाकांठीं मात्र फलकावरची एक ओळ किती दूर जाऊं शकते हें लोकांनीं पाहिलें आहे. म्हणून येथें फलक लिहिणें हें रंगाऱ्याचें काम समजूं नये. कागदपत्रांनीं सिद्ध झालेलें काय आणि परंपरेनें सांगितलें जातें तें काय, हें वेगळें लिहावें. मजकूर जाणत्या इतिहासकारांकडून तपासून घ्यावा. आणि तो दगडावर चढण्यापूर्वीं ग्रामसभेंत वाचून दाखवावा. गांवांतील सर्व वस्त्यांच्या लोकांनीं ऐकलेला आणि मान्य केलेला मजकूर रात्रींतून कोणी बदलूं पाहील, तर त्याला गांवच आडवें येईल.

वढू आणि तुळापूर हीं गांवें याच विचारानें पाहिलीं पाहिजेत. संभाजी महाराज १६८९ च्या फेब्रुवारींत संगमेश्वर येथें पकडले गेले, पेडगांवच्या बहादूरगडावर औरंगजेबाच्या छावणींत आणले गेले आणि ११ मार्च रोजीं भीमाकांठीं त्यांचा वध झाला. इंद्रायणी भीमेला जेथें मिळते त्या तुळापुरास संगमेश्वराचें देऊळ आहे; वढू येथें समाधि आहे. राज्य शासनानें या दोन गांवांसाठीं स्मारकाचा मोठा आराखडा हातीं घेतला आहे. मोठ्या स्मारकाला मोठी वास्तु लागते असें वाटणें स्वाभाविक आहे. तरी या दोन स्थळांचा प्रभाव त्यांच्या शांततेंत आहे. संगमावर उभें राहिलेल्या माणसाला पाण्याचा आवाज ऐकूं आला पाहिजे. खाद्यपदार्थांच्या गाड्यांवरचे कर्णे आणि छायाचित्रासाठीं लावलेले रंगीत दिवे देवळाच्या पायरीपर्यंत येऊं देणें हा स्मृतीचा उपमर्द होय. दुकानें हवींत, कारण गांवाला त्यांतून उत्पन्न आहे. परंतु तीं वाहनतळापाशीं असावींत आणि त्यांचे गाळे प्रथम गांवकऱ्यांना मिळावेत.

ज्या भूमींत माणसें एकमेकांविरुद्ध लढलीं ती भूमि पुढच्या पिढ्यांना कशी दाखवावी, हा प्रश्न इतर देशांनाहि पडला आहे. १९१६ सालीं फ्रान्समधील व्हर्दून येथें फ्रेंच व जर्मन सैन्यांत महिनोन् महिने घनघोर युद्ध झालें. तेथील दुओमाँच्या अस्थिभवनांत, ज्यांची ओळख पटली नाहीं अशा सुमारें एक लक्ष तीस हजार सैनिकांच्या अस्थि ठेवलेल्या आहेत. फ्रेंच कोणत्या आणि जर्मन कोणत्या हें सांगणें अशक्य आहे. १९८४ सालीं फ्रान्सचे अध्यक्ष मित्तराँ आणि जर्मनीचे चॅन्सेलर कोल हे त्याच जागीं हातांत हात घालून उभे राहिले. कोरेगांवचा इतिहास निराळा आहे. येथें प्रश्न दोन राष्ट्रांचा नसून एकाच गांवकींत पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या अन्यायाचा आहे, आणि तो दृष्टीआड करून सलोखा साधणार नाहीं. तरी व्हर्दूनची एक गोष्ट घेण्याजोगी आहे. तेथें जाणारा मनुष्य दोन्ही बाजूंचें ऐकून आणि मान खालीं घालून परत येतो. पेरणें, वढू आणि तुळापूर हीं तीन स्थळें एकाच दिवसांत पाहून होतात. एकाच्या दर्शनाला आलेला मनुष्य दुसऱ्या ठिकाणींहि आदरानें जाऊन आला, तर कोणत्याहि पोलीस बंदोबस्तापेक्षां तें अधिक टिकाऊ काम होईल.

देवदर्शनाच्या यात्रेचा प्रश्न वेगळा आहे. अष्टविनायकांपैकीं पांच गणपति पुणें जिल्ह्यांत आहेत. रांजणगांवला येणारा भाविक बहुधा आठहि स्थानांच्या फेरीवर असतो. गाडी थांबते, दर्शन होतें, प्रसाद घेतला जातो आणि गाडी पुढच्या गणपतीकडे निघते. गर्दी मोठी, पण मुक्काम नाहीं. आणि मुक्कामावांचून गांवाच्या हातीं पेढे, नारळ व चहा यांपलीकडे फारसें लागत नाहीं. त्याच भाविकाला रांजणगांवीं दर्शन घेतल्यावर चिंचोलीला जेवण, दुपारीं रांजणखळगे आणि रात्रीं एखाद्या शेतकऱ्याच्या घरीं वस्ती अशी सोय सुचवली, तर एका दिवसाच्या फेरीचे दोन दिवस होतील. त्याला नवें देऊळ किंवा उद्यान बांधण्याची गरज नाहीं. आहेत तीं ठिकाणें जोडणारी वेळेवरची एस. टी. आणि खात्रीचें घर एवढें पुरें. रेल्वेचा लाभ दौंडला आहे. शिरूर तालुक्यांत रेल्वे नाहीं. दौंड स्थानकावर उतरणाऱ्यास सिद्धटेक जवळ पडतें, परंतु तेथून पुढें नदी ओलांडून शिरूरकडे येण्याची सोय त्याला कोणी सांगत नाहीं.

मोराची चिंचोली या गांवाची ख्याति चिंचेच्या झाडांची आणि मोरांची. गांवकऱ्यांनीं मोर राखले, म्हणून शहरांतील लोक ते पहावयास येऊं लागले. मग कांहीं शेतकऱ्यांनीं जेवणाची, झोपाळ्याची आणि बैलगाडींतून फेरीची व्यवस्था केली. यालाच कृषिपर्यटन म्हणतात. महाराष्ट्र शासनानें २०२० सालीं त्याचें स्वतंत्र धोरण मंजूर केलें आणि अशा केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होऊं लागली. इटलींत असा कायदा १९८५ सालींच झाला. त्यांतलें मुख्य कलम फार मार्मिक आहे : पाहुणचार हा शेतीला पूरक धंदा असावा, शेती हीच मुख्य रहावी. शेत विकून त्या जागीं उपाहारगृह बांधलें तर तें कृषिपर्यटन नव्हे. ज्वारीचीं कणसें, मळणी, गोठा आणि चुलीवरची भाकरी पहावयास मनुष्य येतो. ज्या दिवशीं शेतकरी तें सोडून केवळ खानावळवाला होईल, त्या दिवशीं पाहुण्याला तेथें येण्याचें कारण उरणार नाहीं. मोरांचेंहि तसेंच. मोठ्या आवाजाचीं गाणीं आणि दाणे टाकून जवळ बोलावण्याची हौस यांनीं मोर दूर जातात. शिरूरच्या उत्तरेकडच्या उसाच्या पट्ट्यांत बिबट्यांचा वावर आहे. म्हणून रात्रींच्या वस्तीला येणाऱ्यांस अंधारांत शेतांतून हिंडूं न देणें हेंहि यजमानाचें कर्तव्य ठरतें.

पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापिला. हातांनीं काम करीत शिकावें या विचारावर चाललेली ही संस्था पाहण्यास शिक्षक व विद्यार्थी येतात. त्याच गांवांत मस्तानीची कबर आहे. एका गांवांत इतिहास आणि प्रयोगशाळा अशीं शेजारीं असणें ही शाळांच्या सहलींना मोठी पर्वणी आहे.

निसर्गाच्या बाजूला रांजणखळग्यांचें स्थान पहिलें. कुकडी नदीच्या काळ्या कातळांत एखादा लहान खोलगट भाग असतो. पुराच्या पाण्याबरोबर आलेला गोटा त्यांत अडकतो आणि भोंवऱ्याबरोबर गरगर फिरत कातळ कोरीत जातो. हजारों वर्षें ही घासाघीस चालून रांजणासारखे खोल व गुळगुळीत खळगे तयार झाले आहेत. दिसण्यास ते जितके सुंदर, तितकेच पाय घसरल्यास घातक. तेव्हां येथें पहिली गरज कठड्याची आणि जाणत्या स्थानिक वाटाड्याची आहे. या ठिकाणीं आणखी एक अडचण दिसून येते. नदीच्या एका तीरावर शिरूर तालुक्यांतील टाकळी हाजी, तर दुसऱ्या तीरावर अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर जिल्ह्यांतील निघोज. सिद्धटेक आणि पेडगांव यांचेंहि तसेंच. दौंडहून जावयाचें, पण जिल्हा दुसरा. पाहुण्याला जिल्ह्याची हद्द दिसत नाहीं, आराखडा मात्र हद्दीवर थांबतो. दोन जिल्ह्यांनीं एक समाईक आराखडा केल्यावांचून या नदीकांठांना न्याय मिळणार नाहीं.

उजनीचा फुगवटा हें सहज घडून आलेल्या पर्यटनाचें उदाहरण आहे. धरणाच्या पाण्याखालीं गांवें गेलीं; पुढें त्या उथळ पाण्यावर रोहित पक्षी उतरूं लागले, आणि भिगवणच्या परिसरांतील मच्छीमार आपल्या होड्यांतून लोकांना पक्षी दाखवूं लागले. कोणता पक्षी कोठें बसतो हें त्यांना पुस्तकावांचून ठाऊक होतें. त्या माहितीलाच मोल आलें. परंतु पुणें व पिंपरी-चिंचवड या शहरांचें सांडपाणी मुळा-मुठा आणि इंद्रायणी यांच्या वाटेनें भीमेंतच येतें. तुळापुरीं भाविक जें पाणी डोळ्यांना लावतो आणि उजनींत पक्षी ज्या पाण्यावर जगतो, तें पाणी शहराच्या मोरींतून आलेलें आहे. कांठावर कितीहि सुंदर घाट बांधला तरी हा दोष झांकला जात नाहीं. भीमाकांठच्या पर्यटनाचा सर्वांत मोठा खर्च खरें पाहतां पुण्यांतील सांडपाणी शुद्ध करण्यावर व्हावयास पाहिजे, आणि त्याची जबाबदारी रविवारीं येथें हवा खावयास येणाऱ्या नागरिकांवरच येते.

आतां हें ठरवितो कोण? राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनें जिल्ह्याजिल्ह्यांत नियोजन समिति आली. तिच्या सभासदांपैकीं निदान चार-पंचमांश सभासद जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांतील निवडून आलेल्या प्रतिनिधींनीं आपल्यांतून निवडावयाचे असतात. लहान स्थळांना पर्यटनाचा ‘क’ दर्जा हीच समिति देते, आणि दर्जा मिळाल्यावर निधीची वाट मोकळी होते. म्हणून प्रत्येक गांव दर्जासाठीं धडपडतें. दर्जा मिळतो, कमान उभी राहते, फरसबंदी होते; दोन वर्षांनीं शौचालयाला कुलूप लागतें, कारण तें रोज धुण्याचा पगार कोणत्याच सदरांत लिहिलेला नसतो. बांधकामाचा निधि एकदां मिळतो, झाडलोट रोज लागते. ग्रामसभेनें वाहनतळाचें व गाळ्यांचें भाडें प्रथम या रोजच्या कामासाठीं राखून ठेवलें, आणि त्याचा जमाखर्च चावडीवर लावला, तर आराखड्याचें आयुष्य आपोआप वाढेल.

भीमाकांठानें पाहुण्यांना आजवर पुष्कळ दिलें आहे : दर्शन, अभिमान, दुःख आणि विसांवा. त्याच्या बदल्यांत गांवाला काय मिळालें, हें मोजण्याचें माप सोपें आहे. यात्रेच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं विहिरीला पाणी आहे काय, रस्ता झाडलेला आहे काय, शेत भाड्यानें देणाऱ्याचे पैसे चुकते झाले काय, आणि आदल्या दिवशींच्या गर्दीनंतरहि कोरेगांव, पेरणें व वढू येथील सर्व वस्त्यांतले लोक एकमेकांच्या उंबऱ्यावर निःशंकपणें जात-येत आहेत काय. या चार प्रश्नांचीं उत्तरें होकारार्थी मिळालीं, म्हणजे योजना साधली असें खुशाल समजावें.